आला वर!

१

गार्नेट निकल दर हिवाळ्यात एकदा समुद्रात बुडायचा, आणि सगळं झिंक्स कोव्ह ते पाहायला बाकांवर दाटीवाटीनं बसायचं. पुढच्या शनिवारी तो वर यायचा. मधल्या आठवड्यात कोणालाही त्याची काडीची काळजी नसे, त्याच्या आईला तर नाहीच.

गार्नेट जेमतेम मिसरूड फुटलेला पोरगा होता तेव्हा नोव्हा स्कोशियाच्या या किनाऱ्यावर सिनेमावाली मंडळी आली होती. त्यांना जुनी शिडाची गलबतं हवी होती आणि ती हाकणारी माणसं. 'वादळाचा वारस' असं त्या मालिकेचं नाव. बारा भाग, काळीपांढरी, प्रत्येक भागात एक लढाई, एक वादळ आणि शेवटी नायक मरणाच्या दारात. नायकाचं काम करणारा नट दिसायला राजबिंडा होता, पण गुडघाभर पाण्यात उभा केला तरी पांढराफटक पडायचा. त्यामुळं कॅप्टन हार्टवेल जिथं जिथं डोलकाठीवरून कोसळतो, कड्यावरून उडी मारतो किंवा मगरीशी झुंजतो, तिथं तिथं तो आपला गार्नेट. मगर तेवढी रबराची होती. जाताना कंपनीनं आठवण म्हणून बाराही भागांची रिळं गावाला दिली.

तेव्हापासून दर वर्षी जानेवारी लागल्यापासून, बोटी दूर मासेमारीला गेल्या आणि बंदर रिकामं झालं, की शनिवारी दुपारी मच्छीमारांच्या हॉलमध्ये एकेक भाग लागायचा. प्रोजेक्टर चालवायचा ऑब्री निकल, गार्नेटचा बाप. एके काळी तो शिडं शिवायचा; पाय अधू झाल्यापासून फिल्म सांधायचा. दोन्हींत हात सारखाच हळवा लागतो, असं तो म्हणे. भाग संपला की खिडक्यांचे काळे पडदे वर जायचे आणि काकवीत शिजवलेला घेवडा नि काळा पाव यांवर सगळे तुटून पडायचे.

अशा मालिकांची एक खोड असते. भागाच्या शेवटी नायक बुडतो, आणि पुढचा भाग सुरू होतो तो मागचं शेवटचं दृश्य पुन्हा दाखवून. मात्र या वेळी त्यात एक ज्यादा तुकडा असतो. पाणी फाटतं, हात वर येतो, नायक जिवंत. गाव या तुकड्याला उजळणी म्हणायचं. सहाव्या भागाच्या शेवटी गार्नेट डोलकाठीवरून खवळलेल्या समुद्रात पडायचा, आणि सातव्याच्या सुरुवातीला, उजळणीत, त्याचं डोकं पाण्याबाहेर येताक्षणी अख्खा हॉल ओरडायचा, "आला वर!" पाद्रीसुद्धा ओरडायचे.

त्याच वादळात गलबतावरची आणखी बरीच माणसं लाटेबरोबर वाहून जात. ती सगळी गावचीच. सुकाणूवरचा ईनस हिमलमन, जाडजूड, कानटोपीतला, हात वर करून असा काही बेंबीच्या देठापासून किंचाळत जायचा की त्याची बायको व्हेल्मा लाजून पदर शोधू लागे, म्हणजे शाल. या बाकीच्यांचं पुढं काय झालं हे मालिका सांगत नसे. त्यांना वर काढायला फिल्म खर्च करावी एवढे ते मोठे नव्हते. पुढच्या भागात तीच माणसं टोप्या बदलून पुन्हा हजर असायची, आणि गाव त्यावर पोट धरून हसायचं.

मग खरी वर्षं आली. ईनस खऱ्या वादळात गेला. त्याच्याबरोबर त्या दृश्यातले आणखी काही जण गेले. आता ती लाट पडद्यावर आली की हॉलमध्ये कोणी हसत नसे, पण पाहणं कोणी सोडलं नव्हतं. व्हेल्मा सर्वांत पुढं बसायची. "हसू देत की रे," ती म्हणायची, "तो हसवायलाच तसा किंचाळला होता."

गार्नेट आता पस्तिशीचा, दाढीवाला, 'एल्डा मे' बोटीवर. या हिवाळ्यातही तो नेहमीसारखा दूर बँकांवर, म्हणजे भर समुद्रातल्या उथळ मासळीच्या पट्ट्यांवर, गेला होता, आणि नेहमीसारखा हॉलमध्ये बुडणार होता.

२

उजळणी रिळाच्या तोंडाशी असते, आणि रिळाचं तोंडच सर्वांत जास्त झिजतं. सातव्या भागाचं तोंड तर पार चाळण झालं होतं. गेल्या वर्षी ते तीनतीनदा तुटलं होतं, आणि बेसिल कोर्कमचा घेवडा करपला होता. बेसिल गावचा दुकानदार आणि शनिवारच्या जेवणाचा मुकादम. यंदा सातव्या भागाच्या शनिवारी सकाळीच तो ऑब्रीच्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

"ऑब्री, तुझा पोरगा दर वर्षी बुडतो, मला काही म्हणायचं नाही. पण माझ्या घेवड्यानं काय पाप केलंय?"

"मी काय करू? फिल्मच्या कडेची भोकं फाटलीत. ओढली की तुटते."

"मग कापून टाक ना तेवढं! गेल्या शनिवारी पाहिलंच की सगळ्यांनी. तेच तेच दोनदा काय बघायचं?"

"दोनदा तेच नसतं," ऑब्रीची बायको ऑटिली चुलीपाशी पीठ मळत म्हणाली. "दुसऱ्यांदा तो वर येतो."

"तो वर येतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, ऑटिली! न दाखवता काय तो खाली राहणार आहे?"

ऑब्री हसला. ऑटिलीसुद्धा हसली. मग ऑब्रीनं कात्री घेतली, उजळणीचा तुकडा कापला, त्याची गुंडाळी करून चहाच्या रिकाम्या डब्यात टाकली आणि सातवा भाग कॅप्टनच्या पुढच्या दृश्यापासून जोडून घेतला. सांधा झकास बसला होता. हातून काही वावगं झालंय असं त्याला जराही वाटलं नाही.

दुपारी पडदे खाली झाले, दिवा लागला. मालिकेचं नाव आलं, सातवा भाग अशी पाटी आली, आणि सगळा हॉल सवयीनं छाती भरून पुढं झुकला. पडद्यावर कॅप्टन हार्टवेल कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, कोरड्या केसांनी, टेबलाशी बसून नकाशा पाहत होता.

श्वास घेतलेली ती सगळी तोंडं तशीच उघडी राहिली. कोणी ओरडलं नाही. कोणी कुरकुरलंही नाही, आणि कुरकुर हा तर झिंक्स कोव्हचा दुसरा धर्म. ऑब्रीला प्रोजेक्टरच्या खोलीतल्या झरोक्यातून नुसत्या पाठी दिसत होत्या. त्यांतली एकच मान वळली. व्हेल्मा हिमलमननं मागं वळून थेट त्याच्या झरोक्याकडं पाहिलं.

हॉल खांबांवर उभा आहे, अर्धा जमिनीवर, अर्धा बंदरावर. प्रोजेक्टरच्या खडखडाटाखाली ऑब्रीला फळ्यांवर पाण्याचे चापट मारल्यासारखे आवाज ऐकू आले. भरतीला ते नेहमीच येतात. भाग संपल्यावर पडदे वर झाले, तेव्हा त्यानं सहज खाली पाहिलं. ओहोटी होती. खांबांखाली नुसता चिखल आणि शेवाळ, पाणी पार धक्क्याच्या टोकाला गेलेलं.

"बघ, वेळेत आटपलं की नाही!" बेसिल ताट पुढं करत म्हणाला. घेवडा उत्तम झाला होता. बराचसा तसाच उरला.

३

बोटींना रेडिओ आल्यापासून गावातल्या बायकांची संध्याकाळ ठरून गेली होती. चहाच्या वेळी स्वयंपाकघरातला रेडिओ बोटींच्या पट्ट्यावर लावायचा. घरून बोलता येत नसे, फक्त ऐकता येई. कप्तान एकमेकांशी मासळीचं, वाऱ्याचं बोलत आणि जाता जाता घरच्यांसाठी एखादं वाक्य टाकत. गार्नेट तर कप्तानाच्या हातातून यंत्र ओढून घ्यायचा. "आई, बाबांना साखर देऊ नकोस," एवढंच म्हणायचा, पण रोज म्हणायचा.

सोमवारी गार्नेट बोलला नाही. 'एल्डा मे'चा कप्तान म्हणाला, "निकलकडच्यांना सांगा, गार्नेट खाली आहे. वर आला की बोलेल." मग तो खोकला, आणि त्याच्यामागं कुठंतरी ताटली पडल्याचा आवाज झाला.

"खाली म्हणजे इंजिनापाशी असेल," ऑब्री म्हणाला.

"असेल," ऑटिली म्हणाली, आणि त्याच्या चहात तिनं साखर घातली नाही.

मंगळवारी कप्तान म्हणाला, "निकलकडच्यांना सांगा, गार्नेट खाली आहे. वर आला की बोलेल." तो खोकला. ताटली पडली.

ऑब्रीनं पावाचा तुकडा तोंडाशी नेला होता, तो तसाच राहिला. ऑटिली त्याच्याकडं पाहत होती.

"सर्दी झालेली दिसते त्याला," ऑब्री म्हणाला.

"आणि ताटली?"

"बोट हलते, ऑटिली. बोटीवर ताटल्या पडतात."

"रोज? खोकल्यानंतर?"

आयुष्यभर त्यानं जहाजावरच्या लोकांच्या खुळ्या समजुती ऐकल्या होत्या आणि शिवता शिवता त्या मिशीत हसून सोडून दिल्या होत्या. माणूस दमला की तेच तेच बोलतो. रेडिओचं यंत्र बिघडू शकतं. दोन संध्याकाळी सारख्या वाटल्या म्हणून त्या एकच होत नाहीत. हे सगळं त्यानं स्वतःला नीट समजावून सांगितलं आणि बुधवारी चहाच्या आधीच रेडिओपाशी जाऊन बसला.

वाक्य आलं. खोकला आला. ताटली पडली, गोल फिरली आणि थांबली. मंगळवारीही ती अशीच फिरून थांबली होती. ऑब्रीनं ऐन शेवटी हात वर केला, जणू पुढचं काही येईल ते पकडायला. पुढं काहीच आलं नाही. नुसती खरखर, आणि त्या खरखरीखाली पाणी.

ऑटिलीनं फडताळातून चहाचा डबा काढून त्याच्यापुढं ठेवला.

बाहेर अजून उजेड होता. ऑब्रीनं गुंडाळी सोडली आणि पट्टी खिडकीच्या काचेवर धरली. गार्नेटचं ते डोकं त्यानं इतक्या वेळा पाहिलं होतं की अंधारातही काढून दाखवलं असतं: आधी बोटं, मग कपाळाला चिकटलेले केस, मग ते मोठे दात, कारण कारटं हसत वर आलं होतं आणि दिग्दर्शकानं त्यावरून शिव्या घातल्या होत्या. त्यानं पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवली. मग उलटी धरून पुन्हा सरकवली.

"भिंग दे," तो म्हणाला.

भिंगातून पाणी मोठं दिसलं. प्रत्येक चौकटीत पाणीच होतं, लाटा, फेस, पुन्हा लाटा. बोटं नव्हती. केस नव्हते.

"दुसराच तुकडा कापला गेला असेल माझ्याकडून."

"दे इकडं." ऑटिलीनं पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. तिला तो तुकडा त्याच्याहून जास्त पाठ होता. आईला असतो. "तुकडा हाच आहे, ऑब्री. ही फळी बघ तरंगतेय, ह्या फळीशेजारीच तो यायचा. तुकडा तोच आहे. तो नाहीये."

ऑब्रीनं हात टेबलाखाली घेतला. ऑटिलीनं टेबलाखाली हात घालून तो धरला.

"मी नुसती फिल्म कापली गं."

"माहीत आहे मला."

"घेवड्यासाठी!"

"माहीत आहे. रडू नकोस. सांध, जिथला होता तिथं. तुला जमतं ते."

गुरुवारी आणि शुक्रवारीही रेडिओ तेच बोलला. ऑब्रीनं तुकडा सांधला; एकेका फाटलेल्या भोकावर पातळ पट्टी लावली, जशी पूर्वी तो शिडाच्या विरलेल्या कापडाला लावायचा. चित्र त्यात काही परत आलं नाही. पण ते हॉलमध्ये, सगळ्यांसमोर लावायचं, हे दोघांनाही न बोलता कळलं होतं. तो नेहमी तिथंच वर यायचा.

४

शनिवारी आठव्या भागाची पाळी होती. हॉल भरला होता, पण कोट कोणी काढले नव्हते. ज्यांची ज्यांची माणसं बोटींवर होती त्या सगळ्यांनी तो रेडिओ आठवडाभर ऐकला होता. ऑब्री प्रोजेक्टरच्या खोलीतून बाहेर येऊन पायरीवर उभा राहिला.

"गेल्या खेपेला मी उजळणी कापली होती," तो म्हणाला. "ती परत लावलीय. आज सातवाच दाखवतो."

कोणी घेवड्याचं नाव काढलं नाही. बेसिलनं टोपी काढून हातात धरली. "मीच सांगितलं होतं त्याला," तो हॉलकडं बघत म्हणाला. "माझं तोंड जळो."

ऑब्री आत जायला वळला तेव्हा व्हेल्मा त्याच्या मागोमाग आली. दारातच थांबली. तिच्याशी त्याचं बालपणापासूनचं नातं, शेजारचं घर, एकाच शाळेत एकाच बाकावर.

"गार्नेट येईल रे वर," ती म्हणाली. "तुझा हात चांगला आहे."

"देवाची कृपा असली तर येईल, व्हेल्मा."

"आला, की लगेच दिवा बंद करू नकोस. थोडं चालू ठेव. एवढंच."

'का?' असं त्यानं विचारलं नाही. ती जाऊन पुढं बसली.

पडदे खाली आले. पाटी गेली. डोलकाठी, वीज, गार्नेट कोसळला. लाट आली आणि ईनसला आणि बाकीच्यांना घेऊन गेली. मग पाणी.

तो तुकडा किती लांब आहे हे ऑब्रीला हातानं ठाऊक होतं. तो संपायची वेळ झाली आणि टळून गेली. पडद्यावर पाणीच होतं, ती फळी तरंगत होती. त्यानं रिळाकडं पाहिलं. रीळ फिरत होतं, दाते फिल्म ओढत होते, पण वरचं वेटोळं तसूभरही कमी होत नव्हतं. त्यानं डोळे चोळले. यंत्र गरम झालंय, तो स्वतःला म्हणाला. मी म्हातारा झालोय. खोलीत स्वतःचा श्वास त्याला धुरासारखा दिसत होता.

खाली फळ्यांवर पाणी चापट्या मारू लागलं.

ऑटिली उभी राहिली. "गार्नेट," ती म्हणाली, जेवायला हाक मारावी तसं. मग मोठ्यानं, "गार्नेट! आला वर! आला वर!" अजून तो आला नव्हता. पण बेसिल ओरडला, पाद्री ओरडले, सगळा हॉल उभा राहून ओरडू लागला, पुनःपुन्हा, विनवण्या केल्यासारखा, "आला वर! आला वर!"

फळीशेजारी पाणी हललं. बोटं आली. मग केस, आणि मग चेहरा. दाढी होती. डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या होत्या, अंगात बोटीवरचा मेणकापडी कोट होता. त्यानं धाप टाकली, डोळे उघडले आणि पडद्यातून सरळ आईकडं पाहिलं.

त्याच क्षणी हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरातून, जिथं बायकांनी रेडिओ चालूच ठेवला होता, गार्नेटचा आवाज आला, खरखरीतून, दात वाजत असलेला: "आई? आई, मी आहे. पडलो होतो... आत्ताच ओढलं मला वर. कोणीतरी सांगा तिला, मी ठीक आहे. बाबांना साखर..." पुढचं कोणाला ऐकूच आलं नाही. ऑटिली बाकावर कोसळून हसत होती, रडत होती, शेजारणीच्या गळ्यात पडत होती.

ऑब्रीचा हात दिव्याच्या खटक्यावर गेला. त्याचा पोरगा आला होता. आता या जगात त्याला दुसरं काही नको होतं.

"ऑब्री." हॉलमधल्या त्या गलक्यातही व्हेल्माचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला. ती वळलीसुद्धा नव्हती. "थोडं चालू ठेव."

बंद करायला हवं, हे त्याला कळत होतं. पडद्यावरून गार्नेट गेला होता. पाणी मात्र अजून होतं, आणि त्या फळीच्या मागं ते पुन्हा हलू लागलं होतं. पण त्याला त्याचं माणूस मिळालं होतं. ज्याचं माणूस मिळालं त्यानं, ज्याचं मिळालं नाही त्याला नाही कसं म्हणायचं? या बाईला तो नाही म्हणू शकला नाही. खटक्यावरचं बोट त्यानं उचललं.

एक कानटोपी वर आली. कोणी किंचाळत नव्हतं. तिच्यामागं एक हात, त्याच्यामागं आणखी एक, आणि मग लांबवर, जिथं चित्रातलं पाणी करडं होत होत विरून जात होतं, तिथंही पाणी जागोजागी फाटत होतं. हॉलमधल्या बायका एकेक करून उठू लागल्या आणि एकेक नाव घेऊ लागल्या. ओरडत नव्हत्या. कित्येक वर्षांत न उच्चारलेली लाडाची नावं, घरातली, उंबऱ्याबाहेर कधी न गेलेली. ते ऐकून ऑब्रीचा ऊर भरून आला आणि त्याच वेळी मानेवरचे केस ताठ झाले. कारण चेहरे आता जवळ येत होते, आणि ते पोहत नव्हते. तळावर पाय लागल्यासारखे, चालत येत होते.

"ऑब्री, बंद कर!" ऑटिलीनं किंकाळी फोडली.

त्यानं खटका खाली ओढला.

मिट्ट काळोख झाला. रीळ थांबलं. फळ्यांखालचा आवाजही बंद झाला होता. आवाज आता होता तो हॉलच्या आत, पुढच्या बाकांशी: थेंब पडत होते, सावकाश, बऱ्याच ठिकाणी.

"खिडकी उघडा कोणीतरी," बेसिल कसाबसा म्हणाला. पडद्याची दोरी हातानं चाचपत तो भिंतीशी सरकला.

"नको रे, बेसिल." पुढून व्हेल्माचा आवाज आला. इतकी सुखावलेली ती कित्येक वर्षांत कोणी ऐकली नव्हती. "एवढ्यात पडदे वर करू नकोस. माझ्या ईनसला उजेडाची सवय राहिली नाही."